दोनशे एकाहत्तर नंबरची म्हैस

जिल्हा कारागृह, बीड
१० फेब्रुवारी २०१४

चि. दानम्मा,

सरकारकडे दाद मागून झाली, देवाकडे मागायला तोंड नाही, म्हणून तुझ्याकडे तक्रार नोंदवते: मला म्हशीचे मागचे पाय केलं आहे.

पुढचे पाय असते तर मी चकार शब्द काढला नसता. पुढच्या पायांना तोंड मिळतं, शिंगं मिळतात, हंबरायला मिळतं. मागच्या पायांना मिळतं वाकलेलं कंबरडं आणि डोळ्यांसमोर पुढच्या पायांचं लुगडं. अठ्ठेचाळीस वर्षांची बाई, महिला दूध संस्थेची माजी चेअरमन, जिच्या हातून तेलगावात तीन फिती कापल्या गेल्या, ती रोज दुपारी एका बाईची कंबर धरून घोंगडीखाली चालते. शेपूट हलवण्याची जबाबदारीसुद्धा माझीच. शेपूट म्हणजे काथ्याचा तुकडा, आणि तो टोचतो.

घडलं असं. अंबाजोगाईहून अनुसयाताई नावाच्या बाई मंगळवारी आणि शुक्रवारी येतात. नाटकातून मन मोकळं करायचं, असं त्यांच्या परवानगीच्या कागदावर लिहिलेलं आहे. आमच्या बराकीत अकरा बायका. मन मोकळं करायला कोणी तयार नव्हतं, पण त्या दोन तासांत गव्हातले खडे निवडावे लागत नाहीत म्हटल्यावर अकराही जणी नाटकवाल्या झाल्या, ताई नसतील त्या दिवशीही दुपारी तालीम. आठ मार्चला महिला दिनाचा कार्यक्रम आहे, मोठे पाहुणे येणार आहेत. त्यांच्यापुढे मी पाठमोरी.

घोंगडी तुझी आहे, हे कळवायचं राहिलं. जनावरांच्या चारा छावणीच्या तंबूत थंडी वाजते म्हणून आपल्या अप्पांची ती काळी घोंगडी मी तुझ्याकडून दोन दिवसांसाठी नेली होती. अटक झाली त्या दिवशी अंगावर तीच होती. आता ती म्हैस आहे.

तू तीन महिन्यांत एकदाही भेटायला आली नाहीस. तेलगावहून उठून वडवणीला भावाकडे राहायला गेलीस, ब्लाउज शिवतेस, संस्थेचं सेक्रेटरीपद गेलं, एवढं तुझ्या दाजींकडून कळलं. एवढा राग कशाचा, ते मात्र मला कळत नाही. वकील म्हणतात, दिलेल्या जबाबाला चिकटून राहिलात तर एप्रिलात जामीन होईल. जबाब तुला ठाऊक आहे. हे पत्र तुझ्याआधी जेलरसाहेब वाचतात, त्यामुळे जास्त लिहीत नाही. साहेब, नमस्कार.

तुझी,
अक्का

२१ फेब्रुवारी २०१४

दानू,

उत्तर आलं नाही. दोष पोस्टाचाच असणार. वडवणीच्या पोस्टमनला तुझं घर सापडत नसेल, तो गेली तीस वर्षं त्याच गल्लीत राहतो तरी.

तू विचारशील, म्हैसच का? (विचारणार नाहीस, पण सांगते.) अनुसयाताईंनी पहिल्याच दिवशी फर्मावलं, स्वतःची हकीकत सांगायची नाही. त्या हकीकतीतली एखादी वस्तू किंवा जनावर व्हायचं आणि त्याच्या तोंडानं बोलायचं. सगळ्याजणी जमिनीकडे बघत बसल्या. मग भिवराबाई उठली. ही बाई वडवणीकडचीच, ऊसतोडीला जाणारी. मुकादमाच्या मनगटावर कोयता चालवला म्हणून आत आहे. ती कोयता झाली. हात कमरेवर ठेवून म्हणाली, "मला काय इचारता? मी आपला उसावर चालत व्हतो. त्यानं कावून मधी हात घातला, ते त्याला इचारा की!"

शिपाईबाईसुद्धा हसली. मग मला राहवेना. टाळी दुसऱ्याला मिळाली की माझ्या पोटात दुखतं, हे तू लहानपणापासून पाहिलं आहेस. मी उठले आणि म्हणाले, "मी दोनशे एकाहत्तर नंबरची म्हैस. गेल्या दुष्काळात तेलगावच्या छावणीत अडीच महिने राहिले. रोज पंधरा किलो चारा खाल्ला, वर पेंड खाल्ली. पण माझं शेण आजवर कोणी पाहिलेलं नाही."

दानू, बराक अशी हसली की पलीकडे पुरुषांच्या बाजूला कोणीतरी ओरडून विचारलं, काय झालं म्हणून.

मग सगळं सांगावं लागलं. छावणी आपल्या संस्थेच्या नावावर, सरकारच्या अनुदानावर, आणि चालवणारे आमचे धाकटे दीर वैजिनाथभाऊ. दावणीला जनावरं दोनशे साठ. भाऊंना कागदावर हवी होती तीनशे. आता रजिस्टरात नुसता आकडा चालत नाही. मालकाचं नाव, रंग, शिंगं, अंगावरची खूण, सगळं भरावं लागतं. चाळीस म्हशी मनानं घडवायच्या म्हणजे ब्रह्मदेवालाही घाम फुटेल. लिहिणाऱ्याच्या आठ म्हशींतच कल्पना संपल्या आणि पुढे घरचे लोक सुरू झाले. माझ्या सासूबाई: 'एक शिंग खाली, दूध कमी, लाथ मारते.' थोरल्या वन्सं: 'अंगानं मोठी, कपाळावर पांढरं.' दोनशे एकाहत्तर: 'लहान चणीची, गरीब, उजव्या मागच्या पायावर भाजल्याची पांढरी खूण.'

भिवराबाईनं हसता हसता विचारलं, "कुनी लिवलं गं असलं?"

"सेक्रेटरीनं," मी म्हणाले.

तोंडातून गेलं. जबाबात तेच आहे, सवय झाली असेल. "लई गुणाची बया दिसती तुजी सेक्रेटरी," भिवराबाई म्हणाली. "कुनाची कोन?" मी म्हणाले, कोणाचीच कोणी नाही. आणि अनुसयाताईंनी टाळी वाजवून जाहीर केलं, "आपलं नाटक ठरलं. म्हैस सरकारकडे विचारायला जाते, मी आहे की नाही?"

भिवराबाई तोंड झाली, कारण तिचा आवाज मोठा. मी उंच, पाठ चांगली बसते, म्हणून मागे. गुणवत्तेची कदर कुठेच नाही.

अक्का

९ मार्च २०१४

दानू,

महिला दिन रद्द झाला. म्हणजे बाहेर झाला असेल, आमचा झाला नाही. आधी निवडणुकीची आचारसंहिता लागली, मग गारा पडल्या. दोन वर्षं थेंबासाठी आभाळाकडे बघत होतो, आता आभाळानं बर्फ फेकून मारला. सगळे साहेबलोक पंचनाम्याला गेले. नसलेल्या म्हशी मोजणारे आता असलेली मोसंबी मोजत आहेत, जी आता नाहीत. आम्ही अंगणात पदर पसरून गारा झेलल्या आणि कडाकड खाल्ल्या. म्हाताऱ्या चंद्रभागाबाईनं दोन गारा ओच्यात लपवल्या, नातवाला दाखवायला. त्याची भेट पुढच्या महिन्यात आहे.

प्रयोग आता बावीस तारखेला, फक्त बायका आणि शिपाईबायांसमोर. पाहुणे नाहीत. मला वाटलं होतं, सुटले. पण उलटंच झालं.

अडचण अशी की मला लंगडता येत नाही. खूण उजव्या मागच्या पायावर आहे, म्हणजे माझ्या उजव्या पायावर. भिवराबाईनं घोंगडीला त्या बाजूला पांढऱ्या दोऱ्याचा जाड ठिपका घातला, लांबून दिसावा म्हणून. अनुसयाताई म्हणाल्या, "अक्का, पाय भाजलाय तुमचा, जरा ओढत चाला." मी चालले. म्हणाल्या, "हे नाटकातलं लंगडणं झालं. भाजलेलं माणूस असं चालतं का? तुम्ही कोणाला पाहिलंय का, पाय भाजल्यावर चालताना?"

मी म्हणाले, नाही.

घोंगडीखाली अंधार असतो, एवढी एक सोय आहे.

आणखी एक सांगते. परवा तालमीत चंद्रभागाबाई साहेब झाली होती. तिनं विचारलं, "म्हशे, तू कोण?" तर भिवराबाईनं ठरलेलं वाक्य सोडलं आणि साहेबाऐवजी मागे वळून मलाच म्हणाली, "गेल्या साली दोन बैलं घिऊन मी छावनीच्या दारात दोन दिस बसले व्हते. जागा न्हाई म्हणले, फुल झाली. बैलं खाटकाला दिली. माज्या बैलास्नी जागा न्हाई आन् ह्या कागदाच्या बयेला हाय व्हय?" मग पुन्हा पुढे तोंड करून हंबरली. सगळ्यांना वाटलं, नाटकातलंच आहे.

कुठल्या छावणीच्या दारात, हे मी विचारलं नाही. तू विचारलं असतंस.

काल वकील येऊन गेले. जामिनाचा अर्ज तयार आहे. वैजिनाथभाऊ केव्हाच सुटून बाहेर फिरताहेत. ते म्हणतात, वहिनींनी फक्त 'रजिस्टर सेक्रेटरी लिहायची, मी विश्वासानं सही करायचे' एवढं धरून ठेवावं. वकील म्हणाले, "अक्षर तपासणीचीही भीती नाही, दोघींचं अक्षर सारखंच येतंय." येणारच. अप्पांनी दुकानाच्या एकाच वहीवर दोघींना गिरवायला बसवलं होतं. मी वरच्या ओळीत, तू खालच्या.

म्हणजे माझी सुटका तुझ्या अक्षरावर अवलंबून आहे. वकिलांना मी चहा नको म्हणून सांगितलं. इथे चहा त्यांना मिळतच नाही, पण काहीतरी नको म्हणावंसं वाटत होतं.

झोप लागत नाही. डासांमुळे असेल.

अक्का

२३ मार्च २०१४

दानम्मा,

काल प्रयोग झाला. हे पत्र मी तीन वेळा लिहिलं आणि तीन वेळा त्यात विनोद निघाले. हे चौथं.

अंगणात सतरंजी, समोर बराकीतल्या उरलेल्या बायका आणि चार शिपाईबाया. आम्ही आत शिरलो तोच चंद्रभागाबाईची टोपी पडली, ती तिनं पायानं सरकवली, हशा झाला. म्हैस साहेबांपुढे उभी. साहेबांनी रजिस्टर उघडलं.

"नंबर?"

"दोनशे येकाहत्तर," भिवराबाई म्हणाली.

"मालकाचं नाव?"

"कागदावर हाय. गावात न्हाई."

हशा. सगळं ठरल्याप्रमाणे चाललं होतं. मग साहेबांनी विचारलं, "आन् ह्या पायाला काय झालं गं? कुनी भाजलं?"

इथे भिवराबाईनं म्हणायचं होतं, 'सेक्रेटरीबाईनं लेखणीनं भाजलं साहेब.' मोठं टाळीचं वाक्य होतं. ते मीच लिहून दिलं होतं.

भिवराबाई गप्प राहिली. विसरली, की मुद्दाम, ते तिनं अजून सांगितलेलं नाही. साहेबांनी परत विचारलं. घोंगडीखाली मला फक्त तिची पाठ दिसत होती, आणि ती पाठ काही बोलेना. तेव्हा म्हैस मागून बोलली.

मी म्हणाले, "मी भाजलं."

अंगण फुटलं हसून. कबुलीजबाब म्हशीच्या त्या बाजूनं आल्यावर दुसरं काय होणार? मीही हसले असते. एक शिपाईबाई तर खुर्चीवरून घसरली. मी थांबले नाही, कारण थांबले असते तर परत कधी सुरू झाले नसते. घोंगडीच्या आतूनच सांगितलं, की मी नऊ वर्षांची होते, दानू पाचची. आईनं, आमच्या अव्वानं, चुलीवरून दुधाचं पातेलं उतरवून ठेवलं होतं. साय खायला मी ते ओढलं, ते कलंडलं आणि दानूच्या पायावर गेलं. अव्वा धावत आली, तेव्हा मी म्हणाले, दानूनं सांडलं. अव्वानं त्या भाजलेल्या पायासकट तिला दोन लगावल्या. दानू रडली, पण 'अक्कानं' असं म्हणाली नाही.

हसणं चालूच होतं, पण मधूनमधून तुटायला लागलं.

मी म्हणाले, रजिस्टरातल्या शेवटच्या चाळीस म्हशी सेक्रेटरीनं लिहिल्या नाहीत. मी लिहिल्या. दीर म्हणाले 'वहिनी, लिहा कायतरी', आणि मला लिहिताना मजा आली. सासूबाई लिहिल्या, वन्सं लिहिल्या, मग बहीण लिहिली. तिच्या पायावरची खूण लिहिताना हात थांबला नाही माझा. पोलिसांनी विचारलं, कोणी लिहिलं? मी म्हणाले, दानूनं.

इतकं झाल्यावर शांतता झाली का, म्हणशील तर नाही. मागे कोणीतरी अजून फिदीफिदी हसत होतं, त्याला वाटत होतं पुढे आणखी गंमत आहे. चंद्रभागाबाईनं रजिस्टर मिटलं. "बरं," ती म्हणाली. "बस खाली म्हशे."

आणि भिवराबाई मागे न बघता मला म्हणाली, "बसतीस कावून? चाल आता. सरळ चाल."

आम्ही अंगणाला एक फेरी मारून आत गेलो. मी लंगडत होते, म्हणे. अनुसयाताई नंतर म्हणाल्या, आज बरोबर जमलं. मी त्यांना म्हणाले, मी पाहिलं होतं हो चालताना. पावसाळाभर पाहिलं होतं. दानू शाळेत माझ्या मागे दहा पावलं चालायची, आणि मी वळून बघायचे नाही.

आत आल्यावर भिवराबाईला विचारलं, कुठल्या छावणीच्या दारात बसली होतीस? ती म्हणाली, "तुज्याच." तिला पहिल्या दिवसापासून माहीत होतं, दानू. मी म्हैस झाले त्या दिवसापासून. तरी रोज दुपारी तिनं मला कंबर धरू दिली. मी म्हणाले, तू बोलली का नाहीस? "म्या बोलून काय?" ती म्हणाली. "आमी बोलतो तवा कोयताच बोलतो. तुला तर लिवता येतंय." मी हात जोडायला गेले तर तिनं ते खाली ओढले. "ऱ्हाऊ दे. मुकादमाच्या केसचा माजा अर्ज तेवढा नीट लिवून दी. खरा लिव."

ठाण्यात तुझ्यापुढे रजिस्टर ठेवलं होतं, तो दिवस मी रोज आठवते. तू ते पान वाचलंस. लुगड्याचा काठ पायावर ओढलास. मग माझ्याकडे पाहिलंस. फौजदारसाहेबांना तू एवढंच म्हणालीस, "हे माझं अक्षर नाही." ते कोणाचं, ते तुला त्या एका ओळीवरून कळलं होतं. त्या खुणेची नोंद तू स्वतः म्हशीच्या रकान्यात कशाला करशील? आणि तरीही पाच वर्षांची असताना वागलीस तशीच वागलीस.

पहिल्या पत्रात मी लिहिलं, राग कशाचा कळत नाही. ते खोटं होतं. साहेब, आपण वाचत असाल तर हेही वाचा. लपवायचं काही उरलेलं नाही.

शिवगंगा

४ एप्रिल २०१४

दानू,

मंगळवारी जेलरसाहेबांमार्फत कोर्टात अर्ज दिला. क्रमांक दोनशे एकसष्टपासून तीनशेपर्यंतच्या सर्व नोंदी मी स्वतः माझ्या हातानं केल्या, सेक्रेटरी दानम्मा यांना त्यांची माहिती नव्हती, आधीचा जबाब खोटा होता. खाली सही. आयुष्यात पहिल्यांदा वाचून सही केली.

अक्षर सारखं आहे, मग पुरावा काय, असं कोणी विचारेल म्हणून एक ओळ जास्त लिहिली: दोनशे एकाहत्तरच्या नोंदीतली खूण माझ्या बहिणीच्या उजव्या पायावर आहे आणि ती माझ्यामुळे झाली. साहेबांनी ती ओळ दोनदा वाचली. म्हणाले, "बाई, हे कोर्टात लिहायचं असतं का?" मी म्हणाले, इतकी वर्षं कुठेच लिहिलं नाही साहेब, कुठेतरी लिहावं लागणार. त्यांनी शिक्का मारला.

वकील कपाळाला हात लावून गेले. जामिनाचं आता काही खरं नाही. वैजिनाथभाऊंनी निरोप पाठवलाय, की वहिनींच्या डोक्यावर परिणाम झाला, नाटकामुळे. तुझे दाजी भेटीला आले. जाताना जाळीतून म्हणाले, "दुकानात गूळ आलाय नवा. वडवणीला देऊन येतो." त्यांच्याकडून एवढंच यायचं होतं, ते आलं. आणला तर घे. त्यांचा काही दोष नाही.

भिवराबाईचा अर्ज लिहिला. मुकादमानं हात का मध्ये घातला होता, तेही लिहिलं. तिला वाचून दाखवलं. तिनं दोन ठिकाणी मला थांबवलं, दोन्ही ठिकाणी मी तिच्यासाठी जरा गोड केलं होतं. ते काढलं.

अनुसयाताई नवीन नाटक बसवणार आहेत. मला विचारलं, पुढे व्हाल का या वेळी? मी म्हणाले, मागेच बरी आहे. कंबर मात्र कोणाचीतरी मजबूत द्या.

ताई पुढच्या बुधवारी वडवणीला त्यांच्या मावशीकडे जाणार आहेत. त्यांच्या हाती अप्पांची घोंगडी पाठवते आहे, साहेबांनी परवानगी दिली. दोन दिवसांसाठी म्हणून नेली होती, सव्वा वर्ष झालं. उन्हात टाक, दमट वास आहे. एक कोपरा काथ्यानं फाटला होता, तो शिवला आहे. भेटायला येण्याची घाई नाही.

उजव्या बाजूचा पांढरा दोरा मी काल बसून उसवला. थोडी भोकं पडली आहेत, पण लोकर खाली काळीच आहे.

अक्का